थेंबभरात मावणारी प्रयोगशाळा

  कुणी भाकरी थापत असाल, कुणी धारा काढून आत्ताच घरात आला असाल, कुणी कांद्याच्या चाळीत निवडायला बसला असाल. हात चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या.

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे. मायक्रोफ्लुइडिक्स. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. मायक्रो म्हणजे अतिशय बारीक आणि फ्लुइड म्हणजे वाहणारी वस्तू. पाणी, रक्त, दूध, तेल, सगळं त्यात आलं. केसाएवढ्या बारीक वाटेतून थेंबभर द्रव न्यायचा आणि त्या वाटेतच त्याची तपासणी करायची किंवा त्यापासून काही तयार करायचं, असं हे शास्त्र आहे. विषय परका वाटला तरी या शास्त्रावर चालणाऱ्या दोन-तीन वस्तू आपण सगळ्यांनी हातात धरलेल्या आहेत.

आधी शेतातलं उदाहरण घेऊ. आपल्याकडे ऊस, डाळिंब, भाजीपाला यांना ठिबक असतं. ठिबकचा ड्रिपर फोडून पाहिला तर आत एक नागमोडी वाट दिसते. मोटारीचा एवढा जोर असतो, पण त्या अरुंद वळणांमधून येताना पाणी शांत होतं आणि तासाला दोन किंवा चार लिटर असं मोजूनमापून पडतं. वाटेचा आकार ठरला की पाण्याचं वागणं ठरतं. मायक्रोफ्लुइडिक्सचं मूळ तत्त्व हेच आहे. फक्त इथली वाट ड्रिपरपेक्षाही बारीक असते. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाला मायक्रोमीटर म्हणतात. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर ते शंभर मायक्रोमीटर जाड असतो. या उपकरणांतल्या वाटा काही दहा ते काही शे मायक्रोमीटर रुंद असतात. काच, प्लॅस्टिक, सिलिकॉन किंवा साध्या कागदावर त्या कोरतात, आणि अशा तुकड्याला चिप म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या बारीक वाटेत द्रव ढकलायला मोटार कुठे लावायची? बऱ्याचदा मोटार लागतच नाही. देवापुढच्या निरांजनात वात ठेवली की तेल आपोआप वर चढतं. सुती कापडाचं टोक पाण्यात बुडालं की वरचं कापडही ओलं होत जातं. बारीक जागेत द्रव स्वतःच पुढे सरकतो. त्याच गुणावर पट्टीची तपासणी चालते.

आशाताईंकडे मिळणारं ‘निश्चय’ किट आठवा. गरोदरपण तपासायची पट्टी. लघवीचे दोन-तीन थेंब टाकले की पट्टी ओली होत होत पुढे जाते. दिवस गेल्यावर बाईच्या शरीरात एक खास द्रव्य तयार होऊन लघवीत उतरतं. पट्टीच्या सुरुवातीला रंगीत कण लावलेले असतात, ते या द्रव्याला चिकटतात. पुढे एका रेघेवर त्यांना पकडून ठेवणारं रसायन असतं. द्रव्य असेल तर रंगीत कण तिथे अडकतात आणि रेघ दिसते. दुसरी रेघ ही पट्टी नीट चालली की नाही याची साक्ष असते. ती दुसरी रेघ उमटलीच नाही तर निकाल धरायचाच नाही, नवीन पट्टी घ्यायची. आणि पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिली आहेत तेवढ्यातच निकाल वाचायचा. तासाभराने पट्टी सुकल्यावर कधी कधी फिकट सावली दिसते, तिच्यावरून घरात गोंधळ घालायचा नाही. शंका असेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासायचं, नाहीतर उपकेंद्रात जायचं.

कोरोनात घरी करायची तपासणीही अशाच पट्टीवर होती. मे २०२१ मध्ये देशात पहिल्यांदा ज्या घरगुती किटला मंजुरी मिळाली, ते आपल्या पुण्याच्या मायलॅब कंपनीचं होतं. त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०२० मध्ये, मायलॅबनेच देशी बनावटीचं पहिलं मंजूर कोरोना किट तयार केलं होतं. त्या कामाचं नेतृत्व विषाणूतज्ज्ञ मीनल डाखवे भोसले यांनी केलं. त्या तेव्हा गरोदर होत्या. किट तपासणीला दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. ते पहिलं किट मात्र मोठ्या प्रयोगशाळेतल्या मशीनवर चालणारं होतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरी वस्तू साखर तपासायच्या मशीनची पट्टी. बोटावर रक्ताचा थेंब आला की पट्टीचं टोक तो स्वतःच ओढून घेतं. आतल्या बारीक खोबणीत रक्त गेलं की तिथल्या रसायनाशी साखरेची क्रिया होते आणि मशीन आकडा दाखवतं. इथे आपल्या भागासाठी एक खास सूचना. दौंडकडे गुऱ्हाळं भरपूर. बोटाला गूळ, रस किंवा साखर लागलेली असेल आणि तसंच बोट टोचलं, तर आकडा भलताच वर जातो. मग विनाकारण घाबरगुंडी, नाहीतर औषधाचा डोस चुकतो. म्हणून हात साबणाने धुऊन कोरडे करा, मगच टोचा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लावा, कारण दमटपणाने पट्टी खराब होते. आणि मुदत संपलेली पट्टी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

तिसरी तपासणी रक्तातल्या हिमोग्लोबिनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे आपल्या दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन बारा आणि गरोदर बाईचं अकरा तरी हवं. डिजिटल यंत्रातही बोटाचा थेंबच वापरतात. तो घेताना पहिला थेंब पुसून टाकतात आणि बोट पिळत नाहीत. जोरात पिळलं तर रक्ताबरोबर अंगातलं पाणीही येतं, रक्त पातळ होतं आणि आकडा खरा येत नाही. शिबिरात गर्दी असते, घाई असते. पण आपण म्हणू शकतो, ‘ताई, पहिला थेंब पुसा ना.’ त्यात भांडण काहीच नाही.

मैत्रिणींनो, आता जरा गंभीर गोष्ट. क्षयरोग, म्हणजे टीबी.

आमच्या एका गटातल्या वहिनींना दीड महिना खोकला होता. मेडिकलमधून बाटली आणायची, चार दिवस बरं, पुन्हा तेच. वजन उतरत चाललं. दवाखान्यात चला म्हटलं की नको म्हणायच्या. कारण विचारलं तर हळूच म्हणाल्या, ‘घरात लग्नाची पोरगी आहे. टीबी निघाला तर गावभर होईल.’ ही भीती खोटी नाही. आपल्या सगळ्यांना ती माहीत आहे. गटातल्या दोघी त्यांच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेल्या. सकाळी बेडका दिला, दुपारी निकाल आला. टीबी होता. औषध त्याच आठवड्यात सुरू झालं. सहा महिन्यांचा कोर्स त्यांनी पूर्ण केला. आज त्या गटाचा हिशोब लिहितात, आणि त्यांच्या लेकीचं लग्नही ठरलं आहे.

सकाळी दिलेल्या बेडक्याचा निकाल दुपारी कसा आला? तिथे ट्रूनॅट नावाचं मशीन होतं. बंगळूरच्या बिगटेक लॅब्सने ते विकसित केलं आणि गोव्यातल्या वेर्णा इथली मोलबायो डायग्नॉस्टिक्स ही कंपनी ते बनवते. पूर्वी बेडका काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघत. पण त्यात जंतू दिसायला ते हजारोंच्या संख्येने असावे लागतात. थोडे असले तर सुटून जातात आणि बाई ‘काही नाही’ म्हणून घरी येते. जंतू वाढवून बघायचे तर आठवडेच्या आठवडे जातात. तिसरी पद्धत म्हणजे जंतूचा जो वारसा-धागा असतो, त्याच्या एका तुकड्याच्या प्रती काढत काढत लाखो-कोटी करायच्या, म्हणजे थोडा जंतूही सापडतो. तिला पीसीआर म्हणतात. कोरोनात हे नाव आपण रोज ऐकलं. त्यासाठी नमुना पुन्हा पुन्हा खूप गरम आणि मग कमी गरम करावा लागतो. यासाठी पूर्वी वातानुकूलित खोली, मोठं मशीन आणि शिकलेला माणूस लागायचा, म्हणून नमुने लांब शहरात पाठवावे लागायचे.

ट्रूनॅटने हे सगळं नखाएवढ्या चिपवर आणलं. चिपवर एका थेंबाचाही छोटासा भाग टाकतात. द्रव इतका कमी की तो झटकन तापतो आणि झटकन निवतो. साधा अनुभव आठवा. पातेल्यातला चहा अर्धा तास गरम राहतो आणि बशीत ओतलेला लगेच निवतो. चिप म्हणजे बशीपेक्षाही पातळ बशी. म्हणून तासाभरात निकाल मिळतो. मशीन बॅटरीवर चालतं, त्यामुळे लाईट गेली तरी काम थांबत नाही, आणि लहान आरोग्य केंद्रातही ते ठेवता येतं. टीबी निघाला तर दुसऱ्या चिपवर रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये टीबीसाठी या तपासणीची शिफारस केली. आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होणारं यंत्र आज परदेशातही वापरलं जातं.

यातून आपण काय घ्यायचं? दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, उतरणारं वजन, यांतलं काही असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन बेडका द्यायचा आणि ‘मशीनवरची तपासणी करा’ असं सांगायचं. सरकारी तपासणी आणि औषध फुकट आहे. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या खात्यात आहारासाठी दरमहा पैसे येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० चे १००० रुपये झाले आहेत. खात्याची अडचण असेल तर आपल्या बँक सखीला सांगा. आणि तपासणी निकोप आली पण त्रास तसाच राहिला, तर गप्प बसायचं नाही. पुन्हा डॉक्टरांकडे जायचं, एक्स-रे काढायचा.

आता गोठ्याकडे वळू. डेअरीवर दूध घातलं की मशीन फॅट आणि एसएनएफ सांगतं आणि त्यावर आपला दर ठरतो. मशीन त्यांचं, आकडाही त्यांचा. आपल्याकडे तपासायला काही नसतं, म्हणून वाद झाला की आपलं बोलणं हलकं पडतं. उलट बाजूने, बाजारातून आणलेल्या दुधात काय मिसळलंय हे शहरातल्या बाईलाही कळत नाही. २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी कागदाचं एक छोटं उपकरण जाहीर केलं. तीन थरांच्या या कागदावर साधारण एक मिलिलिटर दूध टाकलं की ३० सेकंदांत रंग बदलतो आणि युरिया, डिटर्जंट, साबण, स्टार्च, सोडा, मीठ, हायड्रोजन पेरॉक्साईड अशा भेसळी कळतात. कागदावर अशा वाटा आखायची कल्पना अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००७ मध्ये मांडली. पुढे यासाठी मेणाच्या रेघाही वापरल्या गेल्या. मेण पाणी अडवतं. आपण शेतात बांध घालून पाणी वाफ्यात वळवतो, तसं मेणाच्या बांधांमधून थेंब हव्या त्या वाफ्यात जातो. विज्ञान तेच, फक्त वाफा नखाएवढा.

आता कुरकुंभ. दौंड तालुक्यात कुणालाही हे नाव सांगावं लागत नाही. तिथल्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, आपल्या घरातली पोरं तिथे कामाला आहेत. आणि आगीची भीतीही आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या एका कारखान्यात मोठी आग लागली तेव्हा आजूबाजूच्या लोकांना रात्रीच्या वेळी घरं सोडून बाहेर पडावं लागलं. तेव्हा लेकरं उचलून पळणाऱ्या बायकाच होत्या.

रसायनांच्या कारखान्यात धोका कुठे असतो? पुष्कळ क्रियांमध्ये आपोआप उष्णता तयार होते. मोठ्या टाकीत हजारो लिटर माल एकदम उकळत असेल तर मधली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. पुन्हा तेच, पातेल्यातला चहा आणि बशीतला चहा. लग्नाच्या मोठ्या पातेल्यातला भात मध्ये किती वेळ धगधगतो, ते आपल्याला ठाऊक आहे. मायक्रोरिॲक्टरमध्ये हीच क्रिया बारीक नळ्यांमधून सलग वाहत होते. एका वेळी नळीत थोडाच माल असतो. नळीच्या भिंतीतून उष्णता लगेच निघून जाते. काही बिघडलं तर बंद करायला थोडंच रसायन असतं. मग माल जास्त कसा निघणार? ठिबकसारखाच. एक ड्रिपर थेंब थेंब देतो, पण शेकडो ड्रिपर दिवसभर चालले की एकर भिजतो. नळ्या वाढवायच्या आणि रात्रंदिवस चालू ठेवायच्या.

हे काम आपल्या पुण्यातच होतं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, जिला सगळे एनसीएल म्हणतात, डॉ. अमोल कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी या पद्धतीवर काम करतात. औषधं, रंग आणि इतर रसायनं सलग वाहत्या पद्धतीने कशी बनवायची याचं संशोधन तिथे चालतं. चांदीच्या अतिसूक्ष्म तारा अशा पद्धतीने बनवण्याचं तंत्रही त्यांनी विकसित केलं. या तारा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या शाईत आणि लेपात वापरतात. अभियांत्रिकी विज्ञानासाठीचा २०२० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार डॉ. कुलकर्णी यांना मिळाला.

पण मैत्रिणींनो, भुलून जायचं नाही. ठिबकची लॅटरल क्षारांनी चोकअप होते, तसे या बारीक नळ्याही घट्ट किंवा दाणेदार माल आला की तुंबतात. म्हणून प्रत्येक रसायन असं बनवता येत नाही. आणि नळी बारीक झाली म्हणून सांडपाणी आपोआप स्वच्छ होत नाही. ते शुद्ध करण्याची जबाबदारी कारखान्याचीच राहते. त्यामुळे ग्रामसभेत विचारायचे प्रश्न तेच राहतात. आमच्या शेजारच्या कारखान्यात कोणती धोक्याची रसायनं साठवतात? भोंगा वाजला तर आम्ही कुठल्या दिशेने जायचं? मागचा सराव कधी झाला? फक्त आता त्यात एक प्रश्न वाढवा. धोक्याची क्रिया कमी मालात, सलग पद्धतीने करता येण्यासारखी आहे का, याचा विचार झाला आहे का? शास्त्र पुण्यात आहे, कारखाने दौंडला आहेत. दोन्हींमध्ये तासा-दीड तासाचा रस्ता आहे.

संशोधनातला आणखी एक उपयोग थोडक्यात सांगतो. चिपवर माणसाच्या पेशी जिवंत ठेवून औषध तपासता येतं. २०१० मध्ये हार्वर्डमध्येच डोनाल्ड इंगबर यांच्या गटाने फुफ्फुसासारखं वागणारी चिप तयार केली. श्वासागणिक ताणली जाणारी पातळ पडदी, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्तासारखा द्रव. औषधाचा शरीरावर होणारा परिणाम माणसाला देण्याआधी अशा चिपवर बघता येतो, त्यामुळे प्राण्यांवरचे प्रयोगही कमी होऊ शकतात. आपल्या मुलींपैकी कुणी बारावी सायन्सला असेल, बीएस्सी किंवा डीएमएलटी करत असेल, तर तिला हे नाव सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला जास्त धीर येईल.

शेवटी, या आठवड्याच्या बैठकीसाठी चार कामं. वहीत लिहून घ्या.

एक, गटातल्या प्रत्येकीचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं आणि आकडा किती होता, ते बचतीच्या रजिस्टरमागे लिहा. पैशाचा हिशोब ठेवतो तसा रक्ताचाही ठेवू.

दोन, वस्तीवर, ऊसतोडीच्या कोप्यांवर किंवा गुऱ्हाळावर कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का, ते हळुवार विचारा. नाव चारचौघांत घ्यायचं नाही. एकीने बरोबर जायचं.

तीन, जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. आपल्या गावात त्या पाच कोण आहेत आणि किट कुणाच्या कपाटात आहे, ते शोधा. आपल्या नळाचं आणि विहिरीचं पाणी तपासून तारखेसह आकडा लिहा.

चार, कारखान्याजवळच्या गावांनी वरचे प्रश्न पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी.

प्रयोगशाळा थेंबात मावायला लागली, याचा अर्थ ती आपल्या ओसरीपर्यंत येऊ शकते. पण पट्टी नीट वाचली, हात धुऊन थेंब घेतला आणि आकडा तारखेसह लिहून ठेवला, तरच तिचा उपयोग. लिहिलेला आकडा घेऊन आपण डेअरीवर, दवाखान्यात किंवा ग्रामसभेत उभ्या राहिलो की आपलं बोलणं ऐकलं जातं. आम्ही हे गावोगाव पाहिलं आहे.

तुमच्या गटात काय झालं ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात पशु सखींबरोबर जनावरांच्या लसीकरणाबद्दल बोलू. तोवर तब्येतीला जपा. नमस्कार.